कडू तेल

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक फॉरवर्ड हमखास येतो. 'रुडॉल्फ डिझेलने १८९३ साली आपलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. पुढे तेल कंपन्यांनी हे दाबून टाकलं. डिझेलचा तर काटाच काढला.' शेवटी हात जोडलेले दोन इमोजी आणि 'शेअर करा'.

यातल्या तारखेला थोडा आधार आहे. १० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो, आणि २०१५ पासून आपलं पेट्रोलियम मंत्रालयही तो साजरा करतं. १० ऑगस्ट १८९३ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये डिझेलच्या इंजिनाची पहिली चाचणी झाली हेही खरं. पण ती अर्धवट चाचणी होती आणि शेंगदाण्याच्या तेलाशी तिचा काही संबंध नव्हता. इंजिन नीट चालायला लागलं ते १८९७ मध्ये.

शेंगदाणा आला १९०० साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात. तिथे ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं. ते इतकं सुरळीत चाललं, की आत वेगळं तेल आहे हे फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं. ही आठवण खुद्द डिझेलनेच १९१२ साली नोंदवली आहे. मूळ कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये भुईमूग भरपूर पिकायचा, तिथली यंत्रं तिथल्याच तेलावर चालली तर बाहेरून कोळसा नि तेल नेण्याचा खर्च वाचेल, असा हिशोब होता. १९१३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल नाहीसा झाला आणि दंतकथेला हवा तो शेवट मिळाला.

म्हणजे बियांच्या तेलावर इंजिन चालवण्याच्या गोष्टीत सुरुवातीपासूनच एक प्रश्न दडलेला आहे. तेल कुणाच्या जमिनीतलं आणि सोय कुणाची? हा प्रश्न घेऊन आपण पॅरिसहून थेट रत्नागिरीला येऊ. कारण बियांचं तेल जाळून रात्र काढण्याचा अनुभव कोकणाला डिझेलच्या कितीतरी आधीपासून आहे.

गोडं आणि कडू

मराठीत तेलाचे दोन सोपे वर्ग आहेत. खायचं ते गोडं तेल आणि न खायचं ते कडू तेल. गोडं तेल प्रत्यक्षात गोड नसतं, पण कडू तेल मात्र खरंच कडू असतं. तीळ, खोबरं, शेंगदाणा यांचं तेल स्वयंपाकघरात जायचं. करंज आणि उंडीचं तेल दिव्याला, गुरांच्या जखमांना, सांधेदुखीला, होडीच्या लाकडाला.

आज जगभरचे अर्थतज्ज्ञ 'अन्न की इंधन' हा वाद घालतात. शेतातला मका माणसाच्या पोटात जावा की गाडीच्या टाकीत, असा तो वाद आहे. आपल्या आज्यांनी तो वाद दोन विशेषणांत मिटवला होता. जे खाता येतं ते जाळायचं नाही. देवापुढच्या समईत तिळाचं तेल जाई तेवढाच काय तो अपवाद.

करंज तुम्ही पाहिलेला असतो. सावलीसाठी रस्त्याच्या कडेला लावतात, चपट्या शेंगा येतात. उंडी मात्र समुद्रकाठच्या माणसालाच नीट माहीत असते. जाड, चकचकीत पानं, पांढरी सुवासिक फुलं आणि लहान चेंडूसारखी गोल हिरवी फळं. खारा वारा आणि वाळू तिला सोसते, म्हणून किनाऱ्यावरच्या वाड्यांत, देवळांच्या आवारात ती उभी दिसते. संस्कृतातला पुन्नाग तो हाच.

उंडीच्या बिया गोळा करायला माणसाला वटवाघळांची मदत व्हायची. वटवाघूळ फळ उचलून दुसऱ्या झाडावर नेतं, वरचा पातळ गर खातं आणि टणक बी खाली टाकून देतं. सकाळी त्या झाडाखाली बियांचा सडा पडलेला असतो. बी फोडून आतला गर काढायचा आणि उन्हात चांगला महिनाभर वाळवायचा. ताज्या गरातून तेल जवळजवळ निघतच नाही. तो वाळून तांबूस झाला, चिकट झाला, की मग त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल त्यात असतं. तेही हिरवट, दाट आणि उग्र वासाचं.

पुढचं काम घाण्याचं. लाकडी घाणा, त्याला जुंपलेला बैल आणि तेली. कोकण किनाऱ्यावर तेल गाळणाऱ्यांत एक समाज फार वेगळा होता. अलिबागच्या आसपासचे बेने इस्राएली यहुदी. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' असं नाव दिलं. तेलाच्या धंद्याने एका धर्माची ओळख आठवड्याच्या वारात सांगितली, असं उदाहरण दुसरीकडे सापडणं कठीण.

या सगळ्या व्यवस्थेला आपण आज 'स्थानिक ऊर्जासाखळी' असं भारदस्त नाव देऊ. झाड गावातलं, बी वेचणाऱ्या बायका-पोरं गावातली, घाणा शेजारच्या आळीत, पेंड परत शेतात. पण तिला फार गोंजारण्याचंही कारण नाही. कडू तेलाचा दिवा मिणमिणता जळे, धूर करी, वास येई. आणि वाटीभर तेलामागे कितीतरी हातांची मेहनत असे. म्हणूनच दुसरा पर्याय समोर आला तेव्हा लोकांनी तो पटकन घेतला.

राजा आणि रॉकेल

तो पर्याय म्हणजे रॉकेल. या शब्दाचं मूळ 'रॉक ऑइल' म्हणजे खडकातलं तेल असं सांगतात, आणि 'घासलेट'चं मूळ 'गॅसलाइट'. दोन्ही शब्द बोटीतून उतरलेले आहेत, आतल्या तेलासारखेच.

इथे रत्नागिरीच्या इतिहासात एक विलक्षण गाठ पडते. रत्नागिरीला गेलेला प्रत्येक जण थिबा पॅलेस बघतो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. बहुतेकांना एवढी गोष्ट माहीत असते.

त्याचं राज्य गेलं ते वरवर पाहता सागाच्या लाकडावरून. 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीला थिबाच्या दरबाराने सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. ते निमित्त झालं आणि १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये मंडाले पडलं. पण त्या राज्यात सागाखेरीज आणखी एक संपत्ती होती. इरावती नदीच्या काठी येनानजाउंग इथे हाताने खणलेल्या तेलाच्या विहिरी होत्या. थिबाचे वडील मिंडान यांनी १८५४ मध्ये त्या तेलावर राजाची मक्तेदारी लावली होती. तेल हे राजाचं उत्पन्न होतं.

राजा रत्नागिरीत उतरला त्याच वर्षी, १८८६ मध्ये, स्कॉटिश व्यापाऱ्यांची 'बर्मा ऑइल कंपनी' उभी राहिली. येनानजाउंगला यंत्राने विहिरी खोदल्या जाऊ लागल्या आणि त्या तेलापासून बनलेल्या रॉकेलचं मोठं गिऱ्हाईक होतं हिंदुस्थान. त्या काळच्या बाजारात अमेरिकन, रशियन आणि ब्रह्मी अशी तिन्ही रॉकेलं एकमेकांशी झुंजत होती. पदच्युत राजा टेकडीवर बसून समुद्राकडे बघत होता आणि त्याच्या जुन्या विहिरींतलं तेल हिंदुस्थानातल्या घराघरांत जळत होतं.

रॉकेलने दोन-तीन दशकांत कडू तेलाचा दिवा मागे सारला. काचेची चिमणी लावलेल्या कंदिलाचा उजेड लख्ख होता. वाळवायला, फोडायला, गाळायला काही नव्हतं. रिकामा झालेला पत्र्याचा चौकोनी डबा पाणी भरायला, धान्य ठेवायला उपयोगी पडे. पण पैसा मात्र रोख द्यावा लागे. ज्या घरात दिव्याचं तेल वेचून मिळत होतं, तिथे ते विकत आणायची सवय लागली. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालणाऱ्या कोकणात हा बदल लहान नव्हता.

संकट आलं की आठवण येते

वनस्पती तेल तसंच्या तसं इंजिनात घालण्यात एक अडचण असते. ते डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असतं. इंजिन चालतं, पण काही काळाने फवारा मारणाऱ्या नोझलमध्ये काजळी साचते आणि काम बिघडतं.

तोडगा निघाला बेल्जियममध्ये. १९३७ साली जॉर्ज शावान यांनी पेटंट घेतलं. तेलाचा मोठा रेणू मद्यार्काशी संयोग घडवून फोडायचा. तेलाचा रेणू म्हणजे एका ग्लिसरीनला चिकटलेल्या तीन लांब साखळ्या. त्या सुटल्या, की प्रत्येक साखळी मद्यार्काच्या एकेका रेणूशी जोडली जाते आणि पातळ, डिझेलसारखं इंधन तयार होतं. ग्लिसरीन तळाशी बसतं. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात ते हेच. साधारण १०० किलो तेलात ११ किलो मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा, ६० अंशांच्या आसपास तापमान, आणि हाती १०० किलोच्या जवळपास बायोडिझेल. १९३८ मध्ये ब्रसेल्स ते लूवां या मार्गावर पामतेलापासून बनवलेल्या अशा इंधनावर प्रवासी बस धावली. तेल पुन्हा आफ्रिकेतलं, काँगोच्या वसाहतीतलं.

मग महायुद्ध आलं. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या आणि माघार घेताना इंग्रजांनी स्वतःच येनानजाउंगच्या विहिरी उद्ध्वस्त केल्या. हिंदुस्थानात रॉकेलची टंचाई झाली. रस्त्यावर कोळशाच्या गॅसवर धावणाऱ्या मोटारी आल्या. त्याच वर्षी हिंदी वनस्पती तेलांवर डिझेल इंजिनं चालवण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले गेले. युद्ध संपलं, स्वस्त तेल परत आलं, प्रयोग कपाटात गेले. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा ती कपाटं जगभर पुन्हा उघडली. या इतिहासाची ही खोडच आहे. टंचाईत बी आठवतं, सुकाळात विसरलं जातं.

मोगली एरंडाची दहा वर्षं

कोकणात कुंपणाला, म्हणजे वईला, मोगली एरंड लावतात. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पोरं त्याचा चीक काडीच्या फासात धरून फुगे उडवतात. बिया मात्र विषारी, आणि त्या खाऊन मुलं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या अजून येतात. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, बहुधा पोर्तुगीजांबरोबर आलेलं. शास्त्रीय नाव जट्रोफा.

हे वईचं झाड २००२ ते २००९ या काळात देशाचं भवितव्य ठरणार होतं. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली–अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेल मिसळून धावली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने अहवाल दिला: सुमारे १.१ कोटी हेक्टरांवर जट्रोफा लावायचा आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण गाठायचं. राष्ट्रपती अब्दुल कलाम भाषणांतून या झाडाचा पुरस्कार करत होते. २००५ मध्ये सरकारने बायोडिझेल खरेदीचं धोरण आणलं, दर लिटरला २५ रुपये.

२०११-१२ आलं आणि गेलं. २० टक्के सोडाच, आजही देशभरच्या डिझेलमधलं बायोडिझेल एक टक्क्याच्या खालीच आहे. २००९ च्या धोरणाने २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०१७ वर ढकललं. २०१८ च्या धोरणाने ते २०३० पर्यंत ५ टक्के इतकं उतरवलं.

काय चुकलं? मोगली एरंड दगडात जगतो, हे खरं. पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. भरघोस बी हवं तर त्यालाही पाणी आणि खत लागतं. सुधारित वाण नव्हते, कुंपणावरचीच रोपं शेतात गेली. फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे पुन्हा पुन्हा तोडणीला माणसं लावावी लागतात. पेंड विषारी, गुरांना घालता येत नाही. आणि २५ रुपयांत बी, मजुरी, गाळप, प्रक्रिया, वाहतूक काहीच बसत नव्हतं.

कोकणातल्या शेतकऱ्याचा हिशोब आणखी सरळ होता. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेत त्याने डोंगरउतारावर हापूस नि काजू लावले होते. काजूचं झाड तोडून मोगली एरंड लावायला त्याला कुणी पटवू शकलं नसतं.

सगळ्यात मोठी गफलत 'पडीक जमीन' या शब्दात होती. नियोजनाच्या कागदावर पडीक म्हणजे रिकामी. कोकणातला सडा बघा. वर्षातले आठ महिने काळाकभिन्न कातळ. पावसाळ्यात त्याच कातळावर रानफुलांचे गालिचे, गुरांची चराई, गवताची कापणी. आणि त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कोरलेले हत्ती, मासे, माणसाच्या आकृती. ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. ज्याला आपण रिकामं म्हणतो तिथे बहुधा कुणीतरी आधीपासून असतं.

पुन्हा उंडी

मोगली एरंडाची हवा ओसरल्यावर काही अभ्यासकांची नजर परत जुन्या कडू तेलांकडे गेली. रत्नागिरी जिल्ह्यातच, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात, उंडीचं तेल आणि त्यापासून बायोडिझेल यावर काम झालं. निवड शहाणपणाची होती. झाड इथलंच, तेलाचं प्रमाण मोगली एरंडाहून जास्त, खारी हवा सोसणारं, आणि किनाऱ्याची धूप रोखणारं.

अडचण तेलातच आहे. उंडीच्या कच्च्या तेलात आम्लता फार असते. सरळ सोडा घातला तर बायोडिझेलऐवजी साबण होतो. म्हणून आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मेथॅनॉल वापरून आम्लता उतरवायची, मग नेहमीची प्रक्रिया. एक पायरी वाढली, खर्च वाढला. शिवाय मेथॅनॉल भारतात बहुतेक आयातच होतं आणि ते बनतं मुख्यतः नैसर्गिक वायूपासून. गावच्या तेलाला इंधन व्हायला पुन्हा परदेशी वायू लागतो.

दुसरी अडचण मजेशीर आहे. तुमच्या फोनवर 'तमनू ऑइल' शोधा. छोट्या काळ्या बाटल्या दिसतील: चेहऱ्यावरचे डाग, मुरूम, केस. ते उंडीचंच तेल. त्याचा भाव डिझेलच्या कित्येक पट. पूर्वी जे तेल खाता येत नाही म्हणून जाळत, ते आता तोंडाला लावायचं झालं. मग जाळणार कोण?

आणि आकडे? भारतात वर्षाला साधारण ९ कोटी टन डिझेल लागतं. त्याचे ५ टक्के म्हणजे ४५ लाख टन. हेक्टरी एक टन तेल निघेल असं उदारपणे धरू. म्हणजे ४५ लाख हेक्टर. रत्नागिरी जिल्ह्याचं सगळं क्षेत्रफळ, डोंगर-नद्या-घरांसकट, सुमारे ८.२ लाख हेक्टर आहे. असे साडेपाच जिल्हे निव्वळ उंडीने भरले तर देशाचे ५ टक्के भागतील. हे होणार नाही, आणि व्हायलाही नको.

मग हे सगळं व्यर्थ म्हणायचं का? पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात, आपल्या सीमेला लागून, पॉवरगुडा नावाचं आदिवासी गाव आहे. तिथल्या बायकांच्या बचत गटांनी करंजाची झाडं लावली, तेल गाळायचं यंत्र चालवलं. २००३ मध्ये त्यांनी १४७ टन कार्बन डायऑक्साइडइतकी बचत जागतिक बँकेला ६४५ डॉलरना विकली. रक्कम लहान आहे. पण तेल, पेंड आणि पैसा या तिन्ही गोष्टी गावात राहिल्या. कडू तेलाची जुनी साखळी नेमकी याच मापाची होती. एका गावाचा पंप, एक भातगिरणी, एखादी होडी. मोठ्या शहरांत ते माप तळणीच्या वापरलेल्या तेलाला लागू पडतं. २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हॉटेलांतलं असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची मोहीम सुरू केली आहे. त्याला जमीन लागत नाही.

मिरकरवाड्यावरून

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर संध्याकाळी उभं राहिलं, की डिझेलचा वास माशांच्या वासाआधी येतो. इथल्या नाखव्याचा सगळा हिशोब डिझेलवर आहे. खेपेचा मोठा खर्च तोच, आणि सरकारकडून मिळणारा डिझेलवरच्या कराचा परतावा हा इथला कायमचा विषय.

याच जिल्ह्यात दाभोळचा वीज प्रकल्प झाला, जैतापूरचा अणुप्रकल्प आखला गेला, आणि नाणारला वर्षाला ६ कोटी टन क्षमतेची रिफायनरी घोषित झाली. विरोधानंतर २०१९ मध्ये तिथला प्रकल्प मागे घेतला गेला. पुढे बारसूची जागा सुचवली गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी सड्यावर आंदोलन पेटलं. त्या सड्यावरही कातळशिल्पं आहेत. कुणी म्हणतं रोजगार हवा, कुणी म्हणतं आंबा-मासे वाचवा. दोन्ही बाजूंना आपापली खरी चिंता आहे.

रिफायनरी की उंडी, असा सोपा पर्याय कुणी मांडला तर त्यावर विश्वास ठेवू नका. ६ कोटी टनांची जागा वटवाघळांनी टाकलेल्या बिया घेऊ शकत नाहीत. पण पॅरिसचा शेंगदाणा, काँगोचं पाम, येनानजाउंगच्या विहिरी आणि आपला सडा या सगळ्यांत एक धागा आहे. इंधन जिथून निघतं तिथल्या माणसाला ठरवण्याचा अधिकार क्वचितच मिळाला. थिबा तर राजा होता, त्यालाही मिळाला नाही. कडू तेलाच्या काळात तो अधिकार होता, कारण गरज लहान होती आणि झाड दारात होतं.

तेव्हा पुढच्या १० ऑगस्टला तो फॉरवर्ड आला, की पुढे पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारा. तुमच्या लहानपणी दिव्यात काय जळायचं? उत्तर 'रॉकेल' असेल तर त्यांच्या आजीबद्दल विचारा. आणि किनाऱ्यावर गोल हिरव्या फळांचं झाड दिसलं, तर त्याचं नाव लक्षात ठेवा. उंडी.